वस्तऱ्याला धार आली, हे कसं ओळखायचं?

आम्ही बचत गटाच्या बाया पुन्हा तुमच्याशी बोलायला आलोय. मागच्या वेळी विळीची धार कशी टिकवायची ते सांगितलं, तेव्हा बऱ्याच जणींनी निरोप धाडला, की अहो, धार आली की नाही हे ओळखायचं कसं, ते तर तुम्ही सांगितलंच नाही. खरं आहे. म्हणून आज तेच सांगणार आहोत. पण विळीवरून नाही, वस्तऱ्यावरून. कारण आम्ही ते शिकलो वस्तऱ्यावर.

वस्तरा म्हणजे गड्यांच्या दाढीचं हत्यार, त्याच्याशी आपला काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हालाही तसंच वाटायचं.

आमच्या गटात एक वहिनी आहेत. सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणतं, तर इथंही आपण तेच म्हणू. त्यांच्या मालकांचं गावात दाढी-कटिंगचं दुकान. एका पहाटे मालकांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं हळूहळू परत आलं, पण उजवा हात आला नाही. दुकानाला कुलूप लागलं. घरात शाळेतल्या दोन मुली, म्हातारी सासू, आणि महिन्याची औषधं. गटाच्या बैठकीत आम्ही वहिनींना म्हणालो, शेळ्यांसाठी कर्ज घ्या. तर त्या म्हणाल्या, "मला शेळ्या नकोत. मला दुकान उघडायचंय."

कबूल करतो, आम्ही गप्प बसलो. आणि मग पहिला आक्षेप निघाला तो कुठल्या पुरुषाच्या तोंडून नाही, आमच्याच एकीच्या तोंडून. "बाईनं परक्या गड्याच्या गालाला हात लावायचा? गाव काय म्हणेल?"

वहिनींनी भांडण केलं नाही. त्यांनी फक्त एक नाव सांगितलं. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज तालुक्यातलं हसूरसासगिरी गाव. तिथल्या शांताबाई यादव. नवरा गेल्यावर पदरात चार मुली, तेव्हा त्यांनी नवऱ्याचा वस्तरा हातात घेतला आणि गावात घरोघर फिरून दाढ्या केल्या. मुलींना वाढवलं, त्यांची लग्नं केली. पेपरात त्यांच्यावर कितीदा तरी छापून आलंय. वहिनींकडं ते कात्रण होतं, डब्यात जपून ठेवलेलं. आमच्या आजे-सासवांच्या काळात बाईच्या वाट्याला वस्तरा यायचा तो केशवपनासाठी. काही जातींत नवरा गेला की बायकोचं डोकं भादरायचे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी बांधवांची सभा झाली आणि तिथं ठरलं, की विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही. त्या काळी गिऱ्हाईक सोडायचं म्हणजे सोपं नव्हतं. तर ज्यांच्या घरचा हा धंदा, त्यांनी आधीच एवढं मोठं काम करून ठेवलंय. आपण एका बाईला दुकान उघडू देत नाही म्हणजे काय? कर्ज मंजूर झालं. आक्षेप घेणारीनंच पहिली सही केली.

आता वस्तऱ्याकडं येऊ.

मालकांच्या धोकटीत तीन जुने वस्तरे निघाले. घडीचे. पातं मुठीत मिटतं तसले. त्यातला एक सासऱ्यांच्या वेळचा, त्यावर झोलिंगेन असं इंग्रजीत कोरलेलं. ते जर्मनीतलं गाव आहे, चाकू, कात्र्या आणि वस्तऱ्यांसाठी नावाजलेलं. मालक खाटेवर बसून सांगायचे आणि वहिनी करायच्या. आम्ही दुपारच्या वेळी जाऊन बघत बसायचो. सुरुवातीला गंमत म्हणून, नंतर शिकायला म्हणून.

धारेचा दगड सपाट हवा, त्यावर पाणी. वस्तऱ्याची जाड पाठ आणि धार, दोन्ही एकदम दगडाला टेकलेली. पाठ उचलायची नाही. पाठ टेकलेली असली की कोन आपोआप बरोबर बसतो, ही त्या हत्याराची खुबी आहे. दगडावर धार पुढे ठेवून सरकवायचं, उलटताना पाठीवरून उलटायचं. दगडाचं काम झालं की चामड्याचा पट्टा. तिथं सगळं उलट. पाठ पुढे, धार मागे. चुकून धार पुढे गेली तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. वहिनींनी पहिल्या आठवड्यात पट्ट्याला दोन चिरा पाडल्या. मालक काही बोलले नाहीत, नुसते भिंतीकडं बघत राहिले. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं, असं वहिनी म्हणतात.

पण खरी अडचण घासण्याची नव्हती. अडचण होती थांबायची. किती घासायचं? झालं हे कशावरून? मालकांचा हात चालत होता तेव्हा त्यांना हे बोटांनी कळायचं. बोटांना कळतं ते तोंडानं सांगायचं म्हणजे अवघड. तरी त्यांनी एकेक परीक्षा आठवून सांगितली.

पहिली उजेडाची. ही आम्हाला सगळ्यात आवडली, कारण ह्यात काही कापत नाही आणि काही खर्च नाही. खिडकीशी किंवा बल्बखाली उभं राहायचं, धार वर करून वस्तरा डोळ्यासमोर धरायचा आणि हळूहळू कलता करायचा. जिथं धार बोथट आहे, तिथं तिला थोडी रुंदी असते. त्या रुंदीवर उजेड पडून पांढरी रेघ चमकते. जिथं धार खरी आली आहे, तिथं चमकायला जागाच उरत नाही, काळं दिसतं. कुठं दाता पडला असेल तर एखादाच ठिपका लुकलुकतो. वहिनींच्या पहिल्या वस्तऱ्यावर टोकापासून मधोमधपर्यंत रेघच रेघ होती. म्हणजे मधला भाग घासला जात होता आणि टोक दगडाला लागतच नव्हतं. नुसत्या डोळ्यांना ही परीक्षा मोठ्या चुका दाखवते, बारीक नाही. त्यासाठी भिंग लागतं. शाळेतल्या एका पोरीनं प्रयोगाच्या पेटीतलं भिंग आणून दिलं होतं. त्यातून पाहिलं तेव्हा जी धार आम्हाला आरशासारखी वाटत होती, ती नांगरलेल्या शेतासारखी दिसली.

दुसरी नखाची. अंगठ्याचं नख ओलं करायचं आणि त्यावर धार अगदी अलगद, वजन न देता, सरकवायची. काचेवरून सरकल्यासारखी घसरली तर धार नाही. मध्येच अडखळली तर तिथं दाता आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी नखाला धरून चालली तर दगडाचं काम नीट चाललंय. ही परीक्षा दगडावर काम चालू असताना करायची, पट्टा झाल्यावर नाही. नख काही मऊ नसतं, तयार झालेली धार त्यावर बिघडते.

तिसरी अंगठ्याची, आणि इथं जरा थांबून ऐका. आपण सगळ्या जणी विळ्यावर अंगठा फिरवून बघतो. पण कसा फिरवतो? धारेला आडवा, म्हणजे पाठीकडून धारेकडं आणि बाहेर. धारेच्या लांबीनं अंगठा कधीही ओढायचा नाही. विळ्याला ते एखाद वेळ खपतं, वस्तऱ्याला नाही. कळायच्या आत खोल चीर पडते, आणि इतक्या बारीक धारेची जखम आधी दुखतही नाही, रक्त दिसल्यावरच समजतं. मालक अंगठ्याच्या पेरावर धार नुसती टेकवायचे. चांगली धार कातडीला चिकटल्यासारखी वाटते, असं ते सांगतात. आम्ही नवख्यांना मात्र हे करू देत नाही.

आणि दुसऱ्या कुणाच्या गालावर चाललेला वस्तरा आपल्या अंगठ्यावर, नखावर, हातावर तपासायचाच नाही. का, ते पुढं सांगतो.

चौथी परीक्षा मनगटाच्या वरच्या केसांची. हातावर वस्तरा फिरवला आणि केस साफ निघाले की झालं, असं सगळ्यांनाच वाटतं. वहिनींनाही वाटलं. महिनाभर मेहनत केल्यावर एक दिवस हातावरचे केस सपासप निघाले. वहिनींना इतका आनंद झाला की त्यांनी आम्हाला चहा पाजला. पहिलं गिऱ्हाईक ठरलं होतं, गटातल्या एकीचे सासरे. सत्तरी ओलांडलेले आबा. त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं, "पहिला गाल माझा. माझं काय वाईट व्हायचंय आता."

दुकान उघडलं. दारात दहा-बारा जण उभे. काही कौतुकानं, काही कधी चुकते ते बघायला. वहिनींनी साबण लावला, वस्तरा कानाजवळ टेकवला आणि खाली ओढला. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा ओढला, आबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. अर्धा गाल झाल्यावर ते हळूच, दारातल्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "पोरी, धार हाय, पर केस उपटतीया."

वहिनींचा हात थांबला. त्या वेळी त्यांना काय वाटलं असेल, ते आम्ही दारातून पाहिलं. आबांनीच सावरून घेतलं. मोठ्यानं म्हणाले, "राहू दे आज एवढंच, मला बँकेत जायचंय." आणि अर्धा गाल तसाच घेऊन, उपरण्यानं तोंड पुसत निघून गेले.

संध्याकाळी वहिनी वस्तरा घेऊन मालकांपुढं बसल्या. मालकांनी विचारलं, कशावर तपासलास? हातावरच्या केसांवर, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "हातावरचे केस म्हणजे गवत. दाढी म्हणजे तुराट्या." गवत कुठल्याही विळ्यानं कापलं जातं. शिवाय दगडावरून उठलेल्या धारेच्या टोकाला पोलादाची बारीक कोर राहते, तिला करवतीसारखे दाते असतात. ती कोर हातावरचे मऊ केस छान काढते आणि माणसाला फसवते. दाढीवर तीच कोर केस ओढते. ती पट्ट्यावरच सरळ आणि साफ होते. "पट्ट्यावर किती वेळा मारलंस?" वहिनी म्हणाल्या, आठ-दहा वेळा. मालक म्हणाले, "चाळीस. आणि मला ऐकू दे."

तेव्हा आम्हाला कळलं, की ह्या माणसाचा हात गेला, पण कान शाबूत आहे. वहिनी पट्टा ओढून वस्तरा फिरवायला लागल्या. मालक डोळे मिटून ऐकत होते. पाठ उचलली गेली की आवाज खरखरीत व्हायचा आणि ते लगेच "हं" म्हणायचे. पट्टा ढिला पडला की आवाज बसका यायचा, मग "ताण" म्हणायचे. येताना आणि जाताना एकसारखा आवाज यायला त्या रात्री अकरा वाजले.

आणि मग त्यांनी शेवटची परीक्षा सांगितली, टांगलेल्या केसाची. एक लांब केस दोन बोटांत धरायचा, खाली लोंबता सोडायचा आणि धारेवर नुसता टेकवून पुढं न्यायचा. दाबायचं नाही, ओढायचं नाही. धार खरी असेल तर केस "टिक" असा बारीक आवाज करून तुटतो आणि खालचा तुकडा पडतो. कच्ची असेल तर केस धारेवरून नुसता सरकतो, किंवा उभा चिरतो.

लांब केसांना बायकांच्या गटात काय तोटा! केसांवर भांडी देणारी येते तिच्यासाठी आम्ही सगळ्याच जणी गुंतवळ ठेवतो. आम्ही पाच जणींनी आपापले केस आणले, तर पाच तऱ्हा झाल्या. एकीचा जाड केस लगेच तुटला. दुसरीचा बारीक केस नुसता वाकून निसटला. तिसरीनं तेल चोपडलं होतं, तो घसरला. एकच केस एका टोकानं धरला तर तुटला आणि दुसऱ्या टोकानं धरला तर नाही! वेणी घालताना बघा, केसावर मुळापासून शेंड्याकडं बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, उलट फिरवलं तर खरखरीत. केसावर माशासारखे बारीक खवले असतात, त्यांची तोंडं शेंड्याकडं असतात. धार त्यांच्यात अडकली की केस तुटतो, नाही अडकली की सरकतो. म्हणून आम्ही ठरवून टाकलं, केस नेहमी एकाच डोक्याचा, धुतलेला, आणि धरायचा तो नेहमी त्याच टोकानं. नाहीतर आपण धार तपासत नाही, केसच तपासत बसतो. वहिनी आता आपल्या थोरल्या मुलीचा केस वापरतात. ती कुरकुरते, पण देते.

एक हिशेब आम्हाला फार नवलाचा वाटला. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर केसाची जाडी साधारण ५० ते १०० भाग भरते. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेचं टोक एका भागाहूनही कमी असतं. आणि गंमत अशी, की पोलादापेक्षा केस पन्नास पटीनं मऊ, तरी दाढी करून करून पातं बोथट होतंच. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं, की केस वाकून धारेला एका बाजूनं रेटतो तेव्हा पोलादाचे अगदी सूक्ष्म टवके उडतात. म्हणून आधी कोमट पाण्यानं दाढी चांगली भिजवायची. भिजलेला केस मऊ पडतो, गालाला त्रास कमी आणि धारेलाही.

तिसऱ्या दिवशी आबा उरलेला गाल घेऊन आले. दोन दिवस अर्धी दाढी घेऊन ते गावात फिरले, कुणाला काही बोलले नाहीत. ह्या वेळी वस्तरा उतरला तो लोण्यातून उतरल्यासारखा. आबांनी आरशात पाहिलं आणि विचारलं, "झाली? मला वाटलं अजून साबणच लावतीस."

आता जे पुढं सांगतो म्हटलं होतं ते. दाढी करताना बारीक ओरखडे पडतात, डोळ्यांना दिसणार नाही इतकंही रक्त पात्याला लागतं. त्यातून ब प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही पसरू शकतो. ह्या काविळीचा विषाणू तर अंगाबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस जिवंत राहू शकतो. वस्तरा पाण्यात बुडवून फडक्याला पुसला म्हणजे स्वच्छ झाला असं होत नाही. म्हणून वहिनींनी ठरवलं, की दुकानात येईल त्याला अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा, आणि ब्लेड दर वेळी नवं, गिऱ्हाइकासमोर कागद फाडून. वापरलेलं ब्लेड झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. लहान पोराचं जावळ काढायला नेता तेव्हा तुम्हीही हे बघून घ्या. पाटावर बसल्यावर "ब्लेड नवीन आहे का" असं विचारायला लाजायचं नाही.

मग एवढं शिकून फायदा काय झाला, असं आमच्यातल्या एकीनं तोंडावर विचारलं. विचारणं रास्त होतं. नव्या ब्लेडला ना दगड लागतो ना पट्टा ना परीक्षा. वहिनी म्हणाल्या, "हात त्यानंच बसला. आणि केस ओढला जातोय हे मला आता गिऱ्हाईक सांगायच्या आधी कळतं." आबांकडं त्यांचा स्वतःचा वस्तरा आहे, तो ते पाजवायला आणतात. तसे गावात अजून सहा-सात म्हातारे निघाले. शिवणकाम करणाऱ्या बाया कात्र्या आणतात, लग्नसराईत विळ्या येतात. दगडाचं काम दुकानाला जोडधंदा झालाय आणि कर्जाचे हप्ते वेळेवर येतात.

तुम्ही विळीचं विचारलं होतं. उजेडाची परीक्षा विळीला, चाकूला, कात्रीला सगळ्यांना चालते. विळीसाठी पिकलेला टोमॅटो घ्या, दाबल्याशिवाय साल कापली गेली की पुरे. केस टांगून बघायच्या भानगडीत पडू नका. विळ्याला तर इतकी बारीक धार उपयोगाचीच नाही, ती पहिल्या वाफ्यातच मोडेल. ऊसतोडीच्या कोयत्याला जाडसर धार लागते, कारण त्याला घाव सोसायचा असतो. दातेरी विळा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा वैभव विळा असतो तसला, आपल्या साध्या दगडावर घासू नका, दाते जातील.

धोकटीतला तो झोलिंगेनचा वस्तरा दुकानात जात नाही. तो फक्त मालकांसाठी आहे. दर रविवारी सकाळी वहिनी अंगणात खाट ओढतात, पट्टा खिडकीच्या गजाला अडकवतात आणि चाळीस वेळा मारतात. मालक डोळे मिटून ऐकतात. मग थोरली आपला एक केस देते. टिक आवाज आला की मालक मान वर करून गाल पुढं करतात.

ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी गटाच्या बैठकीला वहिनी दगड घेऊन येणार आहेत. ज्यांना शिकायचंय त्यांनी आपली विळी किंवा कात्री आणावी. येताना धारेला जाड फडकं गुंडाळा आणि लहान पोरं घरी ठेवा. बैठक देवळामागच्या समाजमंदिरात, दुपारी तीन वाजता. नमस्कार.